यादी लागेपर्यंत

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल १ नोव्हेंबर २०२१ ला लागला, वसुबारसेच्या दिवशी. मला ७२० पैकी ५८६ मार्क पडले. क्लासच्या सरांनी मागच्या वर्षीच्या याद्या काढून त्याच रात्री फोन केला, म्हणाले, "सरकारी कॉलेज पक्कं. कुठलं, एवढाच प्रश्न." पप्पांनी तो फोन स्पीकरवर टाकला होता. आजीला बाकी काही कळलं नाही, पण 'पक्कं' हा शब्द कळला. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीला आमच्या आळीत मी डॉक्टर झालेच होते.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, खंडाळे-कार्ले पट्ट्यात. पावसाळ्यात भात, भात निघालं की पांढरा कांदा आणि वाल. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळाने घराचे पत्रे आणि मागची नारळ-पोफळी नेली होती. त्यामुळे खाजगी कॉलेजची फी हा विषय आमच्या घरात निघतच नव्हता. सरकारी सीट मिळाली तर डॉक्टर, नाहीतर नाही. हे मला कुणी तोंडावर सांगितलेलं नव्हतं; सांगायची गरजही नव्हती.

आमच्या बॅचला वाट बघायची सवय होती. बारावीची परीक्षा कोविडमुळे रद्द झाली आणि दहावी-अकरावीचे मार्क धरून ३ ऑगस्टला निकाल लागला. त्या मार्कांचं कौतुक आम्हालाच नव्हतं. नीट १ ऑगस्टला व्हायची होती, ती १२ सप्टेंबरला झाली. त्या दिवशी घरी गौरी आल्या आणि मी नवी मुंबईच्या केंद्रावर होते. मग महाराष्ट्रातल्याच दोन मुलांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका एकमेकांशी जुळत नव्हत्या, म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं आणि सगळ्या देशाचा निकाल अडला. २८ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने वाट मोकळी केली. एवढं सगळं पार करून हातात मार्क आल्यावर मला वाटलं, आता जे व्हायचं ते माझ्या मार्कांवर होईल.

पण प्रवेशाची प्रक्रिया सुरूच झाली नाही.

नोव्हेंबर अर्धा गेला तरी वेळापत्रक नाही. एक तारीख जाहीर होऊन पुढे गेली असती, तर ती कॅलेंडरवर खोडून दुसरी लिहिता आली असती. इथे तारीखच नव्हती. मी रोज सकाळी उठून आधी केंद्राची वेबसाइट बघायची, मग राज्याची. दुपारी परत, रात्री झोपताना परत. रेंज आमच्याकडे घराच्या मागच्या पडवीतच नीट यायची, त्यामुळे मी पडवीत गेले की आई हातातलं काम थांबवून बघायची. मी मान हलवली की ती पुन्हा कामाला लागायची. काही दिवसांनी तिने बघायचं सोडलं. मला ते जास्त लागलं.

कारण समजून घ्यायला मला आठवडा गेला. गावात सगळे एवढंच म्हणायचे, "कोर्टाची भानगड हाय." मी बातम्या आणि नोटिसा शोधून वाचल्या. २९ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण लागू केलं होतं. सरकारी कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा या कोट्यात जातात, बाकीच्या राज्याकडे राहतात. पदव्युत्तर प्रवेशाची वाट बघणाऱ्या काही डॉक्टरांनी या निर्णयाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. दुर्बल घटकासाठी आठ लाखांची उत्पन्नमर्यादा कशावरून ठरवली, असं कोर्टाने विचारलं. सरकारने निकष तपासायला समिती नेमली आणि तोवर समुपदेशन थांबवलं. ते पदव्युत्तरचं होतं, पण आमचं वेळापत्रकही त्याच्यामागे अडकलं. आपल्याकडे कॉलेज निवडण्याच्या सगळ्या खटाटोपाला 'समुपदेशन' म्हणतात. त्या महिन्यांत खऱ्या समुपदेशनाची गरज होती, ते मात्र कुणाला मिळालं नाही.

आम्ही आगरी, म्हणजे ओबीसी. ज्या २७ टक्क्यांवरून सगळं थांबलं होतं, ते माझ्यासारख्या मुलांसाठीच होते. तोपर्यंत केंद्राच्या कोट्यातल्या राज्यांच्या कॉलेजांमध्ये ओबीसींना जागा राखीव नव्हत्या. हे वाचल्यावर माझा राग कुठे काढायचा तेच मला कळेना. खटला करणाऱ्यांवर राग होता, पण त्यांचाही मुद्दा कोर्टाला ऐकावासा वाटला होता. सरकारवर राग होता, पण त्याने दिलेलं मला हवं होतं. क्लासच्या ग्रुपवर मुलं उघड लिहायची की या आरक्षणापायी आमचं वर्ष चाललं. मी त्याखाली एकदा सविस्तर उत्तर लिहिलं आणि ते पाठवलंही. दोघींनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. कारण माहीत असलं की वाट बघणं थोडं सोसतं. निदान रात्री 'माझंच काहीतरी चुकलं असेल' हा विचार तरी येत नाही.

लोकांचं काय करायचं, हा त्याहून अवघड प्रश्न होता. नापास झालेल्या मुलाशी कसं बोलायचं हे गावाला माहीत असतं. त्याच्या पाठीवर हात ठेवतात, पुढच्या वर्षी होईल म्हणतात. पास झालेली, चांगले मार्क मिळवलेली मुलगी घरीच बसली आहे, तिला काय म्हणायचं? विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, मिनीडोरमध्ये एकच प्रश्न. "काय गो, गेली नाय अजून कालेजला?" पहिले काही दिवस मी सगळं समजावून सांगायची, कोर्टापासून. ऐकणाऱ्याचा चेहरा मध्येच बदलायचा. मार्क खरंच पडलेत ना, अशी शंका त्यात दिसायची. मग मी फक्त "जानेवारीत" म्हणायला लागले. जानेवारी हे मी मनानेच ठरवलेलं होतं.

चुलत काकांचा सल्ला असा की बीएस्सीला नाव घालून ठेव, वर्ष तरी वाया जायला नको. पप्पाही थोडे तिकडे झुकले. त्यात चूक काही नव्हतं, पण कॉलेजात नाव घातलं की शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कशीट तिकडे जमा करावी लागते. ऐन यादीच्या वेळी ते कागद परत मिळवायला किती दिवस लागतील, कुणालाच सांगता येत नव्हतं. मेडिकलच्या प्रवेशाला मूळ कागद हजर करायला मोजकेच दिवस देतात. मी नाही म्हणाले. त्या 'नाही'ची जबाबदारी आता माझ्यावर आहे हे मला कळत होतं, आणि पप्पांनीही ते ताडलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

कागदांची एक वेगळीच धास्ती होती. नॉन-क्रिमी लेयरचा दाखला ३१ मार्च २०२२ पर्यंतच चालणार होता. ऑगस्टमध्ये काढला तेव्हा ती मुदत भरपूर वाटली होती. प्रक्रिया मार्चच्या पुढे गेली तर नवा दाखला, म्हणजे नवा उत्पन्नाचा दाखला, तलाठी, सेतू, तहसील हे सगळं पुन्हा. त्यात एसटीचा संप. नोव्हेंबरपासून लालपरी बंद. मिनीडोरमध्ये चेपून अलिबागला जायचं, तिथे साहेब मीटिंगला गेलेले असायचे, मग परत यायचं. तरी मी सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती केल्या, एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमाने लावल्या आणि वर यादी चिकटवली. डोमिसाइल, जातीचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रिमी लेयर, मेडिकल फिटनेस. त्या काळात माझ्या हातून पूर्ण झालेलं असं ते पहिलं काम.

दुसरं काम कांद्याचं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं होतं आणि गावात त्याचा उत्साह होता. भात झोडून झालं, वाफे तयार झाले, आणि आई म्हणाली, "बसूनच हायस तर ये." त्यात टोमणा नव्हता. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत मला शेतात येऊ द्यायची नाही असं तिनेच ठरवलं होतं, आणि आता तिला माणूस हवं होतं. कांद्याची रोपं बोटभर पातीची असतात. वाफ्यात पाणी सोडून माती मऊ केली की उकिडवं बसून एकेक रोप अंगठ्याने दाबत मागे सरकायचं. फार खोल गेलं तर कांदा पोसत नाही, फार वर राहिलं तर कलंडतं. दुपारपर्यंत कंबर धरते आणि अंगठ्याच्या नखात माती जाऊन ते ठणकायला लागतं. फोन घरी ठेवलेला असायचा. पहिल्या दिवशी तासाभराने माझा हात आपोआप खिशाकडे गेला. चार-पाच दिवसांनी जात नव्हता.

१ डिसेंबरला अवेळी पाऊस आला, रात्रभर. अर्धे वाफे वाहून गेले आणि उरलेल्यांत पाणी तुंबून रोपं पिवळी पडली. आम्ही शेजारून रोपं आणून पुन्हा लावली. पप्पांनी कुणालाच बोल लावला नाही. शेत कामापुरतं सुकल्याबरोबर त्यांनी पहिल्यांदा पाण्याची वाट काढली. या गोष्टीतून मी काही शिकले असं मला म्हणायचं नाही. मला त्या दिवशी नुसतं रडू आलं, कांद्याचं आणि माझं एकदमच, आणि चिखलात बसून रडले तरी तिथे कुणी काही विचारलं नाही.

तिसरं काम शाळेतल्या बाईंनी दिलं. ग्रामीण भागातल्या शाळा ४ ऑक्टोबरला उघडल्या होत्या. दीड वर्ष घरी बसलेली दहावीची मुलं साध्या अपूर्णांकांत अडकत होती. बाईंनी निरोप पाठवला, संध्याकाळी तासभर येशील का. मी विज्ञान आणि गणित घ्यायला लागले. त्या मुलांना माझ्या प्रवेशाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हृदयाचे कप्पे कळत नव्हते आणि मला ते येत होते. माझी हुशारी परीक्षेच्या पावतीसारखी पडून राहिली नव्हती, ती कुणाच्या तरी कामाला येत होती. त्या तासानंतर घरी जाताना मला बरं वाटायचं. दिवसातली तेवढीच वेळ तशी होती, हेही खरं.

डिसेंबर वाईट गेला. क्लासमधल्या काहींनी पुढच्या वर्षीच्या नीटचा अभ्यास सुरू केला. मीही पुस्तकं काढली, पण पहिलं पान उलटताना वाटलं, जी परीक्षा मी पास झाले आहे तिचाच अभ्यास मी का करते आहे? पुस्तकं परत ठेवली. झोप उडाली होती. केस गळायला लागले. दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते, कारण पदव्युत्तरची नवी बॅच न आल्यामुळे वॉर्डांत माणसं कमी होती आणि ओमायक्रॉनची लाट येऊ घातली होती. आईने एका रात्री माझा फोन काढून घेतला, सकाळी परत दिला आणि म्हणाली, "आतापासून मी बघेन. दिवसातून एकदाच." तिला इंग्रजी वाचता येत नाही. त्या पानावरचं 'न्यू' हे लाल अक्षर कसं ओळखायचं, ते तिने माझ्याकडून शिकून घेतलं. ते नवं लाल अक्षर दिसेपर्यंत मी वेबसाइट उघडायची नव्हती.

क्लासमधल्या एका मुलाला माझ्यापेक्षा थोडे कमी मार्क होते. थांबायचं की नाही यावर आम्ही बरेचदा बोललो होतो. त्याच्या वडिलांना एका एजंटाने गाठलं आणि डिसेंबरमध्ये तो युक्रेनला गेला. निघताना त्याने मला फोन केला. "इथे तारीखच नाही गं. तिथे निदान कॉलेज आहे." त्याला काय सांगावं मला सुचलं नाही, कारण तो बोलत होता ते बरोबर होतं.

७ जानेवारी २०२२ ला न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बोपण्णा यांच्या खंडपीठाने ओबीसी आरक्षण वैध ठरवलं आणि त्या वर्षापुरता आठ लाखांचा निकष तसाच ठेवून प्रवेश सुरू करायला सांगितलं. शुक्रवार होता. त्या संध्याकाळी आमच्या खळ्यात पोपटी लावायची आधीच ठरली होती. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, पोरांनी बांधावरून भांबुर्डी आणली होती. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ चोळलेल्या शेंगा, मध्ये मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या. मडक्यावर पाण्याचा शिपका मारून चुर्र आवाज झाला की पोपटी झाली. आजीने पहिली शेंग मला दिली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर जेवले. कोर्टाच्या निकालाचं काय झालं हे त्या रात्री मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलेलं होतं.

पुढचं सगळं घाईत झालं. केंद्राची प्रक्रिया १९ जानेवारीला सुरू झाली, राज्याची त्याच सुमारास. पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना यादीत एक नवं नाव होतं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अलिबाग. शंभर जागा, पहिलीच बॅच. स्वतःची इमारत नाही, उसरची जागा ठरलेली पण बांधकाम नाही, सीनियर नाहीत, जिल्हा रुग्णालय हेच कॉलेजचं रुग्णालय. मी केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे असं लिहून त्याखाली अलिबाग टाकलं. पहिल्या फेरीत अलिबाग मिळालं.

आता रिटेन्शन फॉर्म भरून ही जागा कायम करायची, की दुसऱ्या फेरीत मुंबई मिळते का बघायचं? सरांनी सांगितलं, थांब, वर सरकशील. मैत्रिणी म्हणाल्या, नव्या कॉलेजात प्रयोगशाळासुद्धा धड नसेल. मी दोन दिवस मागितले. दमल्यामुळे मी मिळेल ते घेते आहे का, हे मला स्वतःशी तपासायचं होतं. एप्रिल २०२१ मध्ये आजोबांना ऑक्सिजन लागला तेव्हा त्यांना अलिबागहून नवी मुंबईला हलवावं लागलं होतं, आणि वडखळच्या वाहतुकीत अॅम्ब्युलन्स उभी असताना आम्ही मागच्या गाडीत होतो. ते वाचले. पण जिल्ह्याच्या ठिकाणी मोठं रुग्णालय असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवसापासून माहीत आहे. मी फॉर्म भरला. या निर्णयावर लोकांचं दुमत होतं आणि अजूनही आहे. मुंबईतल्या जुन्या कॉलेजात रोज जितके आणि ज्या तऱ्हेचे रुग्ण बघायला मिळतात तितके आमच्याकडे मिळत नाहीत, हे मी मान्य करते. तरी मी तोच फॉर्म पुन्हा भरेन.

२४ फेब्रुवारीला युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं. तो मुलगा बरेच दिवस तळघरात होता, मग चालत आणि बसने सरहद्दीपर्यंत गेला आणि मार्चमध्ये सरकारी विमानाने परत आला. त्याचं वर्ष, वडिलांनी काढलेलं कर्ज आणि ते कॉलेज, सगळंच अधांतरी राहिलं. प्रवेश पुढे ढकलला की काय होतं हे सांगताना लोक माझ्यासारख्यांची गोष्ट सांगतात, कारण तिचा शेवट बरा आहे. त्याची गोष्टही त्याच ढकलण्यातून आली. ज्यांच्या घरी एक वर्ष पोसायची ऐपत किंवा धीर नव्हता, ती मुलं या नाहीतर त्या एजंटाच्या हाती लागली. तारीख न देण्याची किंमत कोण मोजतो, हे तारखा ठरवणाऱ्यांपर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गेलेला वेळ आम्हाला परत मिळाला नाही. वर्ग १४ फेब्रुवारीपासून धरले गेले आणि पहिलं वर्ष कापून आटोपतं केलं. शरीररचनाशास्त्र धावत शिकलो, सुट्ट्या नावालाच. इंटर्नशिप आणि त्यापुढची पदव्युत्तर परीक्षा यांच्या तारखांमध्येही हा उशीर आमच्या मागे येतो आहे.

२०२४ मध्ये पुन्हा तसंच झालं. ४ जूनला निकाल, मग पेपरफुटीचे आरोप, फेरपरीक्षा घ्यायची की नाही यावर सुप्रीम कोर्टात सुनावण्या, २३ जुलैला फेरपरीक्षेला नकार, आणि केंद्राची प्रक्रिया सुरू व्हायला १४ ऑगस्ट. जुलैच्या एका रविवारी मी घरी आले होते. माझ्या त्या संध्याकाळच्या वर्गातला एक मुलगा आईला घेऊन आला. मार्क चांगले होते, चेहरा उतरलेला. त्याच्या आईने विचारलं, "आता याला काय सांगू?" मी म्हटलं, त्याला काही सांगू नका, रोज विचारूही नका, आणि जमलं तर दिवसातला थोडा वेळ कुठल्या तरी कामाला लावा. मग त्याचे कागद मागितले. दाखल्यावर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं होतं. ऐन प्रवेशाच्या दिवशी तिथेच अडलं असतं. प्रतिज्ञापत्र कुठे करून मिळतं, किती दिवस लागतात आणि त्यासोबत काय जोडावं लागतं, ते त्याला लिहून दिलं. सोमवारी सकाळीच तो अलिबागला गेला. आता एसटी चालू होती.